दोन जावा, एक कृती: मैद्याचे कप ग्रॅममध्ये आणतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी दोन सख्ख्या जावा घरातूनच बेकिंगचा व्यवसाय करतात. नावं आणि गाव त्यांच्या इच्छेवरून देत नाही. थोरली आणि धाकटी एवढ्यावर भागेल. सुरुवात थोरलीने एका ओटीजीवर, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर केली. नानकटाई, गव्हाची बिस्किटं, वाढदिवसाचे केक. पुढे न्यूजर्सीला असलेल्या नणंदेने बनाना ब्रेडची आणि चॉकलेट चिप कुकीची कृती पाठवली, ती गावात चांगलीच चालली. गावातल्या एका कॅफेने बनाना ब्रेडची रोजची ऑर्डर दिली, तशी धाकटीही शाळेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी ओव्हनपुढे उभी राहू लागली. सकाळची खेप थोरलीची, संध्याकाळची धाकटीची.

कृतींची वही एकच. त्यात तीन प्रकारची मापं एकाखाली एक नांदत होती: सासूबाईंच्या नानकटाईला वाटी, नणंदेच्या कृतींना अमेरिकी कप, आणि कधीकाळी केलेल्या बेकिंगच्या क्लासमधल्या चॉकलेट केकला नुसतंच 'कप'. हा कप कुठला, याचा त्या पानावर पत्ता नव्हता.

माझा संबंध खरं तर नगामागे खर्च किती येतो हे काढून देण्यापुरता होता. पण मैदा महिन्याला किती लागतो हा साधा प्रश्न विचारल्यावर दोघींची उत्तरं इतकी वेगळी आली की खर्चाचं काम बाजूला ठेवावं लागलं.

अडचण

तक्रार आधी कॅफेकडून आली होती. काही दिवस ब्रेड घट्ट, नीट कापता येणारा. काही दिवस इतका मऊ की सुरी लावली की चुरा. कुकीचंही तेच. सकाळच्या कुकी फुगीर, जागच्या जागी बसलेल्या. संध्याकाळच्या पसरलेल्या आणि कडेने कुरकुरीत. नानकटाईचं दुखणं वेगळं होतं. ती दोघींच्याही हातून कधी छान भेगाळायची, तर कधी ट्रेवर पार चपटी व्हायची.

घरात कारण ठरून गेलं होतं: हवा. पाऊस लागला की मैदा दमट होतो, त्यात ओव्हनही जुना. थोरलीचा स्वतःच्या हातावर पूर्ण विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. तिच्या एकटीच्या खेपा एकमेकींशी बऱ्यापैकी जुळत. धाकटीच्याही जुळत. मेळ बसत नव्हता तो दोघींचा एकमेकींशी, आणि ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण दोघी कधी एका वेळी भाजतच नव्हत्या.

कारण कुठे सापडलं

हवेचा मुद्दा कागदावरच निकालात निघाला. मैद्यातलं पाण्याचं प्रमाण साधारण १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असतं. समजा, पावसाळ्यात ते १२ चं १४ टक्के झालं. तर २५० ग्रॅम मैद्यात कोरडा ऐवज २२० ग्रॅमचा २१५ ग्रॅम होतो. फरक ५ ग्रॅमचा. एवढ्याने ब्रेडचा चुरा होत नाही.

मग दोघींना एकाच डब्यातून, आपापल्या कपाने आणि आपापल्या सवयीने मैदा भरायला सांगितलं आणि प्रत्येक कप काट्यावर ठेवला. थोरली कप थेट डब्यात खुपसते, ओट्यावर एकदा आपटते आणि शीग हाताने पुसून काढते. तिचा कप १५५ ग्रॅमच्या आसपास भरला. धाकटी मैदा चमच्याने हलकेच कपात सोडते आणि सुरीची पाठ फिरवते. तिचा कप भरला १२३ ग्रॅम. बनाना ब्रेडच्या कृतीत मैदा आहे दोन कप, म्हणजे एकीचा ३१० ग्रॅम आणि दुसरीचा २४६. चौसष्ट ग्रॅमचा हा फरक धाकटीच्या मैद्याच्या चौथाईहून थोडा जास्तच. केळी, अंडी, तेल, साखर सगळं तेवढंच आणि पीठ मात्र सव्वापट, असे हे दोन वेगळे पदार्थ एका नावाने विकले जात होते.

कपही सारखे नव्हते. ते तपासणं सोपं असतं: कप काट्यावर ठेवून शून्य करायचा आणि काठोकाठ पाणी भरायचं, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. थोरलीचा स्टीलचा कप २५० चा निघाला, धाकटीचा प्लॅस्टिकचा २३८ चा. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा असतो, ऑस्ट्रेलियात तो २५० चा धरतात, आणि आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही जातीचे संच नुसते 'मेजरिंग कप' म्हणूनच मिळतात. पण दोष सगळा कपांच्या माथी मारता येईना. त्यांच्यातला फरक जेमतेम ५ टक्क्यांचा. थोरलीने धाकटीचा कप घेऊन भरला तरी तो १४७ ग्रॅमच भरला. बाकीचा फरक हाताचा होता.

मैदा दाबला जातो, हवा धरतो, डब्यात बसत जातो. साखरेचं किंवा पाण्याचं असं होत नाही, म्हणून साखरेच्या कपाचं वजन कुणीही भरा, २०० ग्रॅमच्या आगेमागेच येतं. पिठाच्या मापाला भरणाऱ्याची सवय चिकटलेली असते. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तांदूळ वजनाला सारखे नसतात हे थोरलीला लहानपणापासून माहीत होतं. एकाच मैद्याच्या एकाच कपाला दोन वजनं असू शकतात, हे मात्र काट्यावर बघूनही तिला दोनदा तपासावंसं वाटलं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय थोरलीचा. "एक कप ठरवू, एक पद्धत ठरवू, आणि तू माझ्यासारखं भर," असं तिने धाकटीला सांगितलं. खर्च शून्य, वहीतला एक आकडाही बदलायला नको. यात तथ्य आहे. घरी आठवड्याला एक केक करणाऱ्याला मी हेच सांगेन. पण डबा भरलेला असताना खुपसलेला कप आणि तळाशी आलेल्या पिठातून खरवडून भरलेला कप सारखा नसतो. गणपतीच्या आदल्या दिवशी, पाठ मोडलेली असताना, हात पद्धत पाळत नाही.

दुसरा पर्याय धाकटीचा: इंटरनेटवरचा तक्ता घ्यायचा आणि वहीतल्या प्रत्येक कपाला गुणायचं. ती म्हणाली, "वहिनी, एका संध्याकाळचं काम आहे." तक्ते काढले तेव्हा अडचण समोर आली. किंग आर्थर ही अमेरिकी पीठ कंपनी साध्या मैद्याचा कप १२० ग्रॅमचा धरते. अमेरिकी कृषी खात्याचा आकडा १२५ चा. अमेरिकाज टेस्ट किचन ही पाककृती करून तपासणारी संस्था १४२ धरते, कारण तिथे कप पिठात बुडवून भरतात. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. जो ज्या हाताने भरतो त्याचं ते वजन. किंग आर्थरची कृती १४२ ने बदलली तर ती बिघडणार, आणि टेस्ट किचनची १२० ने बदलली तरी बिघडणारच. तक्ता चुकीचा नसतो, पण तो दुसऱ्याच्या कृतीला लावला की चुकतो.

तिसरा पर्याय, आपल्याच हाताचं वजन करायचं. ज्या कृतीत ज्या हाताला यश येतं, तिच्या कपाचं वजन हीच त्या कृतीची खरी नोंद. चौथा पर्याय व्यावसायिक बेकरांचा: मापंच सोडून द्यायची, एकूण पीठ १०० धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत लिहायचं. मोठ्या खेपेला हे फार सोयीचं, पण त्यासाठी आधी खात्रीचे ग्रॅम हातात हवेत. म्हणजे तिसऱ्यावाचून चौथा नाही.

निर्णय

ठरलं ते असं: सगळ्या वहीला एक आकडा लावायचा नाही. प्रत्येक कृतीला आधी विचारायचं की ती कुणाच्या हातची, कुठल्या कपाची, आणि आत्ता आपल्याकडे ती कुणाला जमते. त्यानुसार ग्रॅम ठरवायचे, मग ती भाजून बघायची. वेळखाऊ आहे हे मान्य करूनच दोघी तयार झाल्या.

सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ चमच्यानेच मोजायचं ठरवलं. चमचाभर सोडा ५ ग्रॅमलाही थोडा कमीच भरतो. घरगुती काटा एक-एक ग्रॅमने सरकतो आणि इतक्या कमी वजनाला तो बरेचदा हलतच नाही. तिथे शीग काढलेला चमचा काट्यापेक्षा भरवशाचा. 'सगळं ग्रॅममध्ये' या उत्साहात ही गोष्ट हमखास सुटते.

प्रत्यक्ष काम

आधी काटाच तपासला. दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं, दहा नाणी ठेवली तर ७७ दिसायला हवेत, दिसले. काटा पंख्याखालून हलवला, कारण वाऱ्याने आकडा नाचत होता, आणि मिक्सरच्या ओट्यावरून काढून पक्क्या फरशीवर ठेवला.

बनाना ब्रेडसाठी नणंदेला व्हिडिओ कॉल केला. तिने आयुष्यात मैदा तोलला नव्हता. तीही चमच्यानेच भरायची. तिथल्या तिथे तिने दोन कप भरून काट्यावर ठेवले, २५२ ग्रॅम. म्हणजे मूळ कृती धाकटीच्या हाताशी जुळणारी. धाकटीला हायसं वाटलं, थोरली गप्प झाली.

इथेच खरा निर्णयाचा क्षण आला. मूळ कृतीशी प्रामाणिक राहायचं तर २५० ग्रॅम लिहून मोकळं व्हायचं. पण कॅफेने ऑर्डर दिली होती ती थोरलीच्या हातचा ब्रेड खाऊन. तेव्हा कृती बरोबर कुणाची, हा प्रश्न नणंदेच्या स्वयंपाकघरात सुटणार नव्हता. तीन ब्रेड भाजले, २५०, २८० आणि ३१० ग्रॅमचे, आणि कोणता कुणाचा हे न सांगता कॅफेत पाठवले. मालकाने ३१० चा उचलला. त्याचं कारण चवीचं नव्हतंच: त्याला काप करून लोणी लावून तव्यावर भाजायचा असतो, आणि मऊ ब्रेड तव्यावर तुटतो. घरच्या गिऱ्हाइकांना विचारलं तर बहुतेकांना मऊ हवा. वहीत दोन कृती झाल्या: 'कॅफेचा, मैदा ३१० ग्रॅम' आणि 'घरचा, मैदा २५० ग्रॅम'. इतके दिवस ज्याला चूक म्हणत होते त्यातली अर्धी मागणी निघाली. मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण काटा नसता तर हे दोन पदार्थ आहेत हेच कळलं नसतं.

कुकीचं गणित लवकर सुटलं. सव्वादोन कप मैदा थोरलीच्या हाताने ३५० ग्रॅमला टेकत होता, नणंदेच्या हाताने २८३. वर कृतीत दोन 'स्टिक' लोणी होतं. अमेरिकी स्टिक ११३ ग्रॅमची. आपल्याकडची छोटी लोण्याची वडी १०० ची. दोघीही दोन वड्या घालत होत्या, म्हणजे चांगलं २६ ग्रॅम लोणी कमी. पीठ जास्त आणि लोणी कमी, मग सकाळची कुकी पसरणार कशी? मैदा २८५ आणि लोणी २२६ लिहिलं, ते अजून टिकून आहे.

नानकटाईने मात्र दमवलं. सासूबाईंची वाटी घरात होती हे नशीब. पाण्याने ती १६० मिलिलिटरची निघाली. मैदा, बेसन आणि रवा वजनावर आणले तरी नानकटाई कधी भेगाळे, कधी पसरे. पीठ स्थिर झाल्यावर उरलं काय? तूप. थंडीत रवाळ थिजलेलं तूप वाटीत भरताना मधे पोकळ्या राहतात, वाटी १२५ ग्रॅमवरच भरल्यासारखी दिसते. उन्हाळ्यात पातळ तूप काठोकाठ भरलं की तीच वाटी १४५ च्या आसपास जाते. नानकटाईत पाणी नाही, दूध नाही, सगळा बांधा तुपावर. वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले की ती ट्रेवर वितळते नाहीतर कोरडी फुटते. म्हणजे 'मैदा तोला' हा सल्ला इथे अर्धाच होता. शेवटी ठरलं ते असं: मैदा १९०, बेसन ४०, रवा ३०, मिळून पीठ २६० ग्रॅम, पिठीसाखर ९०, तूप १४०. पीठ १०० धरलं तर साखर साधारण ३५ आणि तूप ५४. दिवाळीला दहापट करायचं झालं तर पीठ २६०० ग्रॅम, साखर ९००, तूप १४००. वाट्या मोजत बसण्याचा आणि 'अगं, सातवी झाली का आठवी?' हा प्रश्न कायमचा मिटला.

गव्हाच्या बिस्किटांत काट्याची मर्यादा दिसली. गिरणीतून नुकतं आणलेलं, कोमट पीठ फुगलेलं असतं. रात्रभर डब्यात राहिलं की बसतं. वजनाने तो गोंधळ संपला. पण गहू बदलला की पीठ पाणी वेगळं पितं, आणि दळण बारीक असेल तर आणखी जास्त. ते ग्रॅममध्ये पकडता येत नाही. तिथे दूध 'लागेल तसं, ६० ते ७५ ग्रॅम' असंच लिहिलं आणि पीठ मळताना थोरलीच्या बोटांवर सोडलं.

चॉकलेट केक फसला. त्याचं मूळ कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळीची घाई होती, म्हणून धाकटीने तक्त्यातला १२० चा आकडा लावला, जुने कप खोडले आणि वर ग्रॅम लिहिले. केक मधोमध खचू लागला. क्लासमधल्या बाई बहुधा कप बुडवून भरत असाव्यात. परत जायचं तर जुना आकडाच पेनाने गिरवून टाकलेला; दोन कप होते की पावणेदोन यावर घरात दोन मतं.

निकाल

कॅफेची तक्रार थांबली. कुणी भाजलाय हे ब्रेडवरून ओळखता येत नाही, याचं थोरलीला थोडं वाईटही वाटतं, आणि तिने ते बोलून दाखवलं.

ज्या खर्चासाठी मी गेले होते तो आता निघाला. किलोभर मैद्यात घरचे ब्रेड चार होतात, कॅफेचे तीन होऊन थोडा मैदा उरतो. दोन्हींचा भाव एकच होता. तो बदलला, आणि कॅफेने कुरकुर न करता दिला, कारण त्याला हवा तोच ब्रेड रोज मिळत होता. वेळही वाचला: एकच भांडं काट्यावर ठेवायचं, शून्य करत एकेक जिन्नस ओतत जायचं, कपांची धुणी नाहीत.

चॉकलेट केक वेगवेगळ्या वजनांनी भाजून पुन्हा बसवावा लागला, आणि दिवाळीभर त्याची ऑर्डर घेतली नाही. ते नुकसान झालं.

वेगळं काय करता आलं असतं

खोडायला नको होतं. जुनं माप, ते कुणाच्या हाताचं, कपात पाणी किती मावतं आणि तारीख, एवढं शेजारी लिहून मग नवा आकडा लिहिला असता तर केकचा गुंता एका दिवसात सुटला असता. आता वहीत डाव्या पानावर जुनं आणि उजव्या पानावर नवं असं चालतं.

सगळी वही एकदम हातात घेण्याचीही गरज नव्हती. कमाई ब्रेड आणि नानकटाईवर होती. तेवढ्या दोन कृती सणाआधी आणि उरलेल्या सणानंतर, असं केलं असतं तर केकला घाई झालीच नसती. तक्त्याचा आकडा लावायला घाई एवढंच कारण पुरलं.

अंड्यांचा विचार उशिरा झाला. अमेरिकी कृतीतलं 'मोठं' अंडं कवच काढून साधारण ५० ग्रॅमचं असतं. गावात मिळणारी बरीच अंडी त्याहून लहान, आणि ट्रेगणिक वेगळी. मैदा ग्रॅमवर आणि अंडी नगावर असं ठेवलं तर एक पाय काट्यावर आणि दुसरा अंदाजावर. धाकटी आता अंडी फोडून, फेटून, तोलून घालते; थोरलीला हे अति वाटतं आणि तिच्या खेपेला ती नगावरच घालते. यावर त्यांचं अजून एकमत नाही. माझं मत धाकटीकडे झुकतं, निदान चार अंड्यांच्या केकपुरतं तरी.

आणखी एक, विक्रीच्या बाजूचं. पाव किलोची नानकटाईची पाकिटं भरायला त्या हाच स्वयंपाकघरातला काटा वापरू लागल्या होत्या. कृती तोलायला तो चालतो. वजनावर माल विकायला वैध मापन खात्याने पडताळून शिक्का मारलेला काटा लागतो, आणि पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं. तो काटा घेतला आहे, पण स्वयंपाकघरात आणू द्यायला थोरली तयार नाही, पिठाने खराब होईल म्हणून. तो पुढच्या खोलीत, पाकिटांजवळ असतो.